सात नंबरच्या प्रेसचं तोरण

अष्टमीच्या दुपारी गुणाबाई दाराशी पाट टाकून तोरण ओवत बसली होती. झेंडू, आंब्याचं पान, परत झेंडू, आणि दर पाच फुलांमागे भाताची एक पिवळी लोंबी. दोरा म्हणून शेजारच्या लूमवाल्याकडून मागून आणलेलं हिरवं सूत, चारपदरी वळलेलं. नऊ दिवसांचा उपास होता तिचा, पण हात भराभर चालत होते. दाराचं तोरण झालं आणि तिने न थांबता दुसरं ओवायला घेतलं. अर्धं झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की यंदा दुसरं तोरण लागणारच नाही.

दर वर्षी लागायचं. एक घराच्या दाराला आणि एक विठूच्या मशीनला.

विठू, तिचा नवरा, आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. आत्ताच कंपनीच्या गेटसमोरच्या संपाच्या मांडवातून आला होता. संपाचा सदतिसावा दिवस.

वडप्याच्या त्या कंपनीत मोटारींच्या दरवाजांचे बिजागर व्हायचे. विठू सात नंबरच्या प्रेसवर बावीस वर्षं होता. पत्र्याची पट्टी आत सारायची, दोन्ही हात दोन हिरव्या बटणांवर ठेवायचे, मग प्रेस खाली यायची. दोन बटणं अशासाठी, की प्रेस खाली येताना हात आत राहूच नये. पावसाळ्यात माल जास्त लागू लागला तेव्हा वरून सांगणं आलं, एक बटण कायमचं दाबून टाका, एका हाताने चालवा. महिना भरायच्या आत शिफ्टमधल्या भाविक नावाच्या पोराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीने कागद केला: कामगाराचा निष्काळजीपणा. त्यावर साक्षीदार म्हणून सही करायला रामनाथने नकार दिला. रामनाथ युनियनचा, आणि विठूच्या धाकट्या भावासारखा. त्याला घरी बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी शिफ्ट गेटबाहेर आली.

पहिल्या आठवड्यात मांडवात जत्रेची जान होती. तिकडे घाटावर मोटारींचा मोठा कारखाना दीड दिवस बंद पडला, दरवाजे लावायला बिजागर नाहीत म्हणून. "वीतभर पत्र्यासाठी एवढी मोठी गाडी उभी राह्यली रे!" असं म्हणत माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मग त्या कारखान्याने दुसऱ्या कुणाकडून तरी बिजागर घेतले. गाड्या पुन्हा निघू लागल्या. कंपनीच्या दारातला वडापाववाला उठून गोदामांकडे गेला, माल नेणारे टेम्पो गेले, आणि मांडवात पत्ते खेळणाऱ्यांचाही आवाज येईनासा झाला.

"ते दुसरं कोनासाठी?" विठूने पडल्या पडल्या विचारलं.

"सात नंबरला."

"गेटला कुलूप हाय. ठावं हाय ना?"

"मला ठावं हाय. तिला ठावं हाय का?" गुणाबाई मान वर न करता म्हणाली. "बावीस वर्सं तिच्यावर जेवलो आपन. पोरीची शाळा तिच्यावर झाली. खंडेनवमीला तिच्या अंगावर फूल न्हाय म्हंजे काय वो?"

विठू कुशीवर वळला आणि तोरणाकडे बघत राहिला.

त्याच संध्याकाळी केसरीनाथ आला. कंपनीची जागा मुळात त्याच्या बापजाद्यांची. त्यामुळे गेटवरचा वॉचमन, पाण्याचा टँकर, कंत्राटी माणसं, सगळं त्याच्याच हातून आत जायचं. बुलेट लांब लावून तो चालत आला, चपला बाहेर काढल्या आणि घटाला हात जोडले.

"चाय नको वहिनी, माझा पन उपास हाय." तो खाली बसला. "विठूदादा, साहेबांचा निरोप हाय. संप संपाच्या जागी, देव देवाच्या जागी. दर साली पयला नारल तूच फोडतोस. उद्या सकाली मागच्या गेटनी ये, मशीनची पूजा कर नि जा. अर्धा तास. कामाचं कोन बोलनार न्हाय."

"एकट्यानी?"

"सगल्यांना सोडलं तर साहेबाची नोकरी जाईल ना रे बाबा!" केसरीनाथ हसला. "तू जुना मानूस. तुझा हात मशीनला लागला म्हंजे सगल्यांचा लागला."

"रामनाथला इचारतो."

"इचार की. उद्या साहेब दहापर्यंत हायत."

तो गेला. विठूने चपला पायात घातल्या. तेव्हा गुणाबाई उठून त्याला आडवी आली. त्यानंतर कितीतरी दिवस तिला तो क्षण जसाच्या तसा दिसत राहिला: उंबऱ्यातली आपली पावलं, त्याची एका पायात नीट न गेलेली चप्पल, आणि आपलाच आवाज.

"नका इचारू. तो न्हाय म्हनंल."

"अगं, ठरलंय आमचं. गेटच्या आत पाय टाकायचा न्हाय."

"कामाला न्हाय टाकायचा. हे काय काम हाय? मी घटाला सांगून तोरन ओवलं नि दिवस मावळायच्या आत बोलावनं आलं. देवीनी बोलावलं तर मानसाची परवानगी कशाला?"

विठूने चपला काढल्या.

नवमीला सकाळी तिने ताटात हळदकुंकू, नारळ, तोरण ठेवलं. घटात रुजून आलेल्या धानाची चिमूटभर पिवळी पातीही खुडून दिली. त्याने कपाटातून कंपनीची निळी टोपी काढली. देवापुढे उघड्या डोक्याने कसं जायचं, म्हणून. गुणाबाईनेच ती झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली.

तो अकराच्या आत परत आला. ताट रिकामं होतं. पायही न धुता भिंतीला टेकून बसला.

"झाली पूजा?"

"झाली."

"मग तोंड असं का?"

"तिचे बोल्ट सोडलेत," विठू म्हणाला.

तिला कळलं नाही. तेव्हा त्याने जमिनीवर बोटाने चौकोन काढला आणि चार कोपऱ्यांवर चार टिंबं दिली. "एवढी जड मशीन. चालताना नाचू नये म्हनून चार मोठ्या बोल्टांनी जमिनीत गाडलेली असते, वरून सिमेंट. बावीस वर्सांत कोनी हात लावला न्हाय त्यांना. आज मी नमस्कार करायला डोकं भुईला टेकलं, नि बगतो तर सिमेंट फोडलेलं. चारी नट गायब. खाली लोखंडी पाट सारून ठेवलेत. वरून दिसूच नये म्हनून गोनपाट टाकलंय. तेल पन काढून घेतलंय तिचं."

"म्हंजे?"

"म्हंजे न्यायचीय तिला. सगळ्याच न्यायच्या असतील. आपन गेट धरून बसलोय, नि आत घर रिकामं करायला घेतलंय त्यांनी." तो उठला. "रामनाथला सांगायला पायजे."

पण तो दारापर्यंत पोचायच्या आत मेघाली आली. त्यांची मुलगी, गोदामात पॅकिंगला जायची. अर्ध्या ड्युटीतून आली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिने फोन आईच्या नाही, बापाच्या पुढे धरला.

"दादा, हे काय केलंत तुमी?"

फोटोत विठू होता. डोक्यावर कंपनीची टोपी, समोर सात नंबर, आणि दोन्ही हात दोन हिरव्या बटणांवर. बटणांना हळदकुंकू लावत होता तो, पण फोटो पाठीमागून बाजूने काढलेला. तोरण मशीनच्या पलीकडच्या अंगाला होतं, ते दिसतच नव्हतं. खाली लिहिलं होतं: काम सुरू झाले आहे. जुने कामगार हजर झाले. बाकीच्यांनी विचार करावा.

गावातल्या एकूण एक फोनवर तो गेला होता. विठूने आपला फोन काढला. युनियनच्या ग्रुपमधून त्याचं नाव काढून टाकलेलं होतं. त्याने रामनाथला फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट झाला.

"कोनी काढला वो फोटो?" गुणाबाईने विचारलं.

"मी डोळे मिटले होते," विठू म्हणाला.

दसऱ्याला विठू घराबाहेर पडला नाही. गुणाबाई पडली. पदरात आपट्याची पानं घेऊन ती मांडवात गेली. तिला वाटलं, सणाच्या दिवशी कुणी बाईला तोडून बोलणार नाही, आणि सोनं देता देता सांगता येईल. मांडवात वीसेक माणसं होती. तिला बघून बोलणं थांबलं. तिने पहिलं पान जवळच बसलेल्या भाविकपुढे धरलं. त्याने पट्टी बांधलेला हात वर केला.

"कशात घेऊ काकी? बोटं न्हायत."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"भाविक, वहिनींना काय बोलायचं न्हाय," रामनाथ पुढे आला. डोळे लाल झाले होते त्याचे. पण पान त्यानेही घेतलं नाही. "वहिनी, तुमी घरी जा."

"रामनाथ भावोजी, ऐकून घ्या. हे पूजेला गेले होते, कामाला न्हाय. तिथं मशीनचे बोल्ट सोडलेत. चारी. मशिनी न्यायला काढल्यात त्यांनी."

रामनाथ म्हणाला, "हे केसरीनाथनी सांगायला सांगितलं का?"

"अवो, देवीची आन!"

"पंधरा दिवसांपासून तो हेच बोलत फिरतोय. मशिनी जानार, कंपनी गुजरातला जानार, येताय तर या लवकर. भ्यावं नि आत जावं मानसांनी, म्हनून." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तेच तुमी बोलताय. त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी. कसं धरू मी खरं? दादा माझ्यासमोर बसून बोलला असता, मला इचारून गेला असता, तर शंभर टक्के धरलं असतं."

इथे तिने सांगायला हवं होतं. तो विचारायलाच निघाला होता, चपला घालून, मी अडवला. शब्द ओठांपर्यंत आले. समोर वीस माणसं होती, आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. गुणाबाईने पदरातली पानं घट्ट धरली आणि वळली.

फोटोने आपलं काम केलं. चार दिवसांत नऊ जण मागच्या गेटने आत गेले. त्यांना आठ तास नुसतं झाडायला लावलं, असं कळलं. मांडवातली माणसं अजून कमी झाली. विठू गोदामात हमालीला जाऊ लागला. बावन्न वर्षांचा माणूस, पाठीवर पेट्या घ्यायची सवय नव्हती. रात्री तिने पाठीला तेल लावलं की म्हणायचा, "पुरे." त्याने एकदाही तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. ती रोजच्यासारखं दिवा लावायची, पोथीचं पान वाचायची. पण हात जोडले की पुढे काय मागावं ते सुचायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी ती वज्रेश्वरीला जाऊन आली. देवीची ओटी भरली आणि माणसांसमोर न निघालेलं ते वाक्य गाभाऱ्यासमोर म्हणून टाकलं. मी अडवला त्यांना. मागे रांग होती, पुजाऱ्याने पुढे व्हायला सांगितलं. परतताना भिवंडी स्टँडवरून रिक्षा धरली आणि दुपारी वडप्याच्या नाक्याला उतरली.

कंपनीचा मोठा गेट सताड उघडा होता.

मांडव रिकामा. त्या दिवशी ठाण्याला लेबर ऑफिसात तारीख होती, सगळे टेम्पो करून तिकडे गेले होते. एक म्हातारा वॉचमन तेवढा खुर्चीवर बसला होता. आणि गेटमधून, एकामागे एक, लांबलचक ट्रेलर बाहेर येत होते. निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी उंच, साखळदंडांनी आवळलेलं. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा वळायला थांबला तेव्हा ताडपत्रीच्या कडेखालून तिला हिरवं सूत दिसलं. सुकून काळी पडलेली झेंडूची फुलं आणि मध्ये भाताची लोंबी.

गुणाबाईला नंतर आठवेना, की पिशवी कुठे टाकली. ती ट्रेलरच्या समोर उभी होती एवढं खरं. तिथूनच तिने विठूला फोन केला. "अवो, सात नंबर चालली!" विठू गोदामातून पळत निघाला आणि पळता पळता रामनाथला फोन लावत राहिला. तिकडे नुसती घंटी वाजत राहिली.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "अम्मा, हटो ना! क्या हुआ?"

"न्हाय जायाची ही. आमची हाय ही."

"मेरे को कागज मिला है अम्मा, मैं क्या करूँ?"

विठू धापा टाकत आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. दोघंच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे गाड्या हॉर्न मारू लागल्या. रिक्षावाले बघायला उतरले, कुणी फोटो काढले. मग केसरीनाथ आला आणि त्याच्यामागून दोन पोलीस, त्यांत एक बाई.

"वहिनी, बाजूला व्हा. लागंल कुठं तरी."

"तुमाला ठावं होतं," गुणाबाई म्हणाली. "घटाला हात जोडलेत तुमी माझ्या घरात. तवा ठावं होतं."

केसरीनाथने नजर चुकवली. "कंपनी जानारच होती वहिनी. संप झाला नसता तरी एक-दोन सालांत गेली असती. आता इथं गोदाम होईल. मी सांगीन, विठूदादाला आत लावून घेतील."

"हमालीला?" विठूने विचारलं.

पोलीसबाईने गुणाबाईचा दंड धरला. जोर केला नाही. "चला मावशी, रस्ता सोडा, उगाच केस होईल," म्हणत तिला कडेला आणलं. विठू स्वतःच बाजूला झाला. ट्रेलर पुढे सरकला, आणि पुन्हा थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. तिची नजर कुठे लागली आहे ते त्याने बघितलं होतं. त्याने ताडपत्रीखाली हात घालून तोरण ओढून तोडलं आणि आणून तिच्या हातात दिलं.

"लो अम्मा. यही चाहिए था ना?"

त्याला वाटलं, त्याने म्हातारीचं समाधान केलं. ती नाही म्हणाली नाही. ट्रेलर हायवेला लागला. विठू तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "डाव्या अंगाला जास्त झुकलीय. नीट बांधली न्हाय."

दिवेलागणीला रामनाथ आला. ठाण्याला पुढची तारीख मिळाली होती. येताना गेट उघडा दिसला, आत रिकामी शेड आणि फरशीला चार चार भोकं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. विठू जेवत होता, त्याने मान वर केली नाही.

"बारा फोन होते तुझे, दादा," रामनाथ म्हणाला. "आत लेबर ऑफिसच्या साहेबासमोर बसलो होतो. खिशात वाजत होता. नाव बगितलं, नि परत खिशात टाकला."

देवापुढे सुकलं तोरण पडलं होतं. निर्माल्य पाण्यात सोडायचं असतं, पण अजून तिच्याने ते उचलवलं नव्हतं.

"भावोजी," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हलका होता, म्हणून दोघांनाही नीट लक्ष द्यावं लागलं. "त्या सांजंला हे तुमाला इचारायलाच निघाले होते. चपला घातल्या होत्या यांनी. मी आडवी आले. म्हनलं, देवीच्या कामात मानसाची परवानगी कशाला. यांचा काय दोष न्हाय. मांडवात आले होते तवा मी हे बोलले न्हाय."

विठूचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, जणू हे त्यालाही नव्यानेच कळत होतं. मग घास ताटात ठेवला.

रामनाथने दाराची चौकट धरली. "इचारलं असतं तर न्हाय म्हनलो असतो मी," तो म्हणाला. "मग बोल्ट कोनालाच दिसले नसते. नि दिसले तवा मी ऐकलं न्हाय."

त्याने तोंडावरून हात फिरवला आणि निघाला. दोन पावलं गेल्यावर थांबला. वळला नाही.

"उद्या मांडव काढायचाय. मंडपवाला भाड्यासाठी मागं लागलाय. बांबू धरायला मानसं न्हायत, दादा."

विठूने ताटातच हात धुतला.

"कवा येऊ?" त्याने विचारलं.